चालककक्षातून दिसणारी वाट : एका दूरचित्रवाणी-प्रकाराचा पूर्वेतिहास

दूरचित्रवाणीच्या इतिहासलेखनात मध्यरात्रीनंतरच्या तासांस फारसे स्थान मिळालेले नाही. नाट्यमालिका, वार्तापत्रे, निवडणुकांची वृत्ते, क्रीडासामने यांचा इतिहास लिहिला गेला; परंतु बहुसंख्य प्रेक्षक झोपी गेल्यावर पडद्यावर काय चालू असे, हा प्रश्न अभ्यासकांस क्षुल्लक वाटत आला असावा. प्रस्तुत लेखाचा विषय या उपेक्षित तासांतील एक कार्यक्रम-प्रकार हा आहे. आगगाडीच्या चालकाच्या कक्षात कॅमेरा बसवावयाचा, गाडी एका स्थानकावरून दुसऱ्या स्थानकापर्यंत जाईतो समोरचे रूळ टिपावयाचे, आणि ते चित्रण निवेदनावाचून रात्री प्रसारित करावयाचे, एवढेच त्याचे स्वरूप. गाडीच्या अग्रभागातून रुळांच्या दिशेने दिसणाऱ्या या दृश्यास सोयीसाठी ‘अग्रदर्शन’ म्हणू.

या प्रकाराची चर्चा आज बहुधा नॉर्वेपासून आरंभ होते. नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २७ नोव्हेंबर २००९ रोजी बर्गन ते ऑस्लो हा सुमारे सव्वासात तासांचा रेल्वेप्रवास अखंड दाखविला, आणि तेथून ‘संथ दूरचित्रवाणी’चा जन्म झाला, असे सर्रास लिहिले जाते. ही मांडणी सोयीची आहे. परंतु ती टिकणारी नाही. अग्रदर्शन २००९ मध्ये जन्मले नाही; ते चलच्चित्राइतकेच जुने आहे. या एका शतकात चित्रात फारसा फरक पडलेला नाही. समोर दोन रूळ, ते जेथे मिळतात तो बिंदू, आणि दोन्ही बाजूंनी मागे सरणारा मुलूख. बदलला तो प्रेक्षक. आरंभी ज्या दृश्याने त्याच्या अंगावर काटा येत असे, त्याच दृश्याने पुढे त्याचे डोळे मिटू लागले. हा पालट कसा झाला, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रेल्वेने प्रवास करणाऱ्या मनुष्यास रेल्वेची वाट कधी दिसतच नव्हती. बैलगाडीत वा टांग्यात बसणाऱ्यास बैलांच्या वा घोड्याच्या पाठीवरून पुढचा रस्ता दिसे. आगगाडीने त्यास डब्यात बसवून खिडकी तेवढी बाजूस दिली. व्होल्फगांग शिव्हेलबुश या जर्मन इतिहासकाराने रेल्वेप्रवासाच्या इतिहासावरील आपल्या १९७७ च्या ग्रंथात या पालटाचे मार्मिक विवेचन केले आहे. वेगामुळे जवळचे दृश्य पुसट होते, प्रवासी दूरच्या देखाव्याकडे पाहावयास शिकतो, आणि ज्या भूमीतून तो जातो तिच्यापासून तो तुटतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा आशय आहे. त्यास एक जोड द्यावीशी वाटते. बाजूच्या खिडकीतून पाहताना आपले डोळे एखाद्या खांबावर ठरतात, त्याच्यासवे मागे ओढले जातात आणि पुन्हा झटक्याने पुढे येतात. नेत्रवैद्यांनी या हालचालीस रेल्वेचेच नाव दिले आहे. समोर पाहणाऱ्याच्या डोळ्यांस हे कष्ट नसतात. जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, पुढे जाणाऱ्याच्या दृष्टीपुढे सारा देखावा एका बिंदूतून चहूकडे पसरत जातो आणि तो बिंदू मात्र स्थिर राहतो. डोळ्यांस विसावण्यास जागा मिळते. अग्रदर्शनाने मनुष्यास झोप का यावी, याच्या उत्तराचा काही भाग येथे आहे. परंतु केवळ काही भागच. कारण याच बिंदूने १८९७ मध्ये लोकांची छाती धडधडविली होती.

लुमिएर बंधूंची चलच्चित्रे मुंबईस वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली. त्या दिवशीच्या सहा चित्रांत गाडी स्थानकात येण्याचे चित्र होते. तेथे कॅमेरा फलाटावर उभा होता व गाडी त्याच्याकडे येत होती. त्याच वर्षी लुमिएरांचा चित्रक आलेक्सांद्र प्रोमियो याने व्हेनिसमध्ये कॅमेरा नावेत ठेवून पाहिला, आणि पुढे जेरुसलेमच्या स्थानकातून निघणाऱ्या गाडीच्या मागील बाजूवरून फलाटावरील माणसे दूर जाताना टिपली. कॅमेरा गाडीत चढला, परंतु त्याचे तोंड अद्याप मागे होते. त्यास पुढे तोंड करून इंजिनाच्या नाकावर बसविण्याचे काम अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीने केले. तिचे न्यूयॉर्कजवळील हॅव्हरस्ट्रॉ बोगद्याचे १८९७ चे चित्र त्याच वर्षी लंडनमध्येही दाखविले गेले आणि अतोनात गाजले.

या चित्रांस इंग्रजीत मिळालेले नाव भाषाभ्यासकास थांबविणारे आहे. त्यांस ‘फँटम राइड’, म्हणजे भुताची सफर, म्हणत. चित्रात गाडी दिसत नसे. इंजिन नाही, चालक नाही, धूर नाही. प्रेक्षकाचा देह खुर्चीत आणि त्याची नजर मात्र कोणत्याही आधारावाचून रुळांवरून उडत चाललेली. देहावाचून चालणाऱ्यास भूत म्हणावे, हे आपल्याकडील व्यवहारासही धरूनच आहे. त्या नावात चालकास स्थान नाही, एवढे येथे नोंदवून ठेवावे; त्याचा उपयोग पुढे होणार आहे.

अग्रदर्शनाची लाट इंग्लंडात त्वरित पसरली. वेल्समधील कॉनवे येथील किल्ल्याकडे जाणाऱ्या मार्गाचे १८९८ चे हाताने रंगविलेले चित्रण आजही उपलब्ध आहे, आणि त्याचे सौंदर्य पाहता त्यास केवळ जत्रेतील करमणूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु या प्रकारात एक अडचण होती. लोकांस बोगदा हवा असे, कारण काळोखाच्या मुखात शिरणे हाच थराराचा कळस. पण बोगद्याच्या आत पडदा काळा पडे आणि प्रेक्षक चुळबुळ करू लागत. ब्रायटनच्या जी. ए. स्मिथने १८९९ मध्ये यावर तोड काढली. रेल्वेच्या डब्यातील एक जोडपे अंधाराचा लाभ घेऊन चुंबन घेते, असे एक लहानसे चित्र त्याने केले, आणि अग्रदर्शनाच्या चित्रपट्टीत गाडी बोगद्यात शिरल्यानंतर व बाहेर पडण्यापूर्वी ते जोडावे, अशी योजना केली. चित्रपट-संकलनाच्या इतिहासात या प्रसंगास मोठे स्थान आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ इतकाच की, अग्रदर्शनास पहिला धोका रितेपणाचा होता, आणि तो भरून काढण्याची युक्ती आरंभापासूनच शोधली जात होती.

यानंतर अमेरिकेत जॉर्ज हेल याने या चित्रांभोवती एक संपूर्ण डबाच उभारला. कॅन्सस सिटीच्या अग्निशामक दलाचा हा माजी प्रमुख. १९०४-०५ च्या सुमारास त्याने रेल्वेच्या डब्यासारखी प्रेक्षागृहे काढली. आसने हलत, शिटी वाजे, चाकांचा खडखडाट होई आणि पुढील पडद्यावर अग्रदर्शन चाले. हा धंदा काही वर्षे भरभराटीस आला व पहिल्या महायुद्धापूर्वीच मावळला. कथाचित्रे आली आणि नुसती वाट पाहण्यास पैसे देणारा प्रेक्षक उरला नाही. याच काळातील एका चित्रणाची गोष्ट मात्र निराळी आहे. माइल्स बंधूंनी एप्रिल १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून जाणाऱ्या केबल कारच्या अग्रभागी कॅमेरा लावला. त्यानंतर काही दिवसांतच, १८ एप्रिल रोजी, भूकंप व आग यांनी ते शहर उद्ध्वस्त केले. आज तो चित्रपट पाहणारा घोडागाड्या व माणसे यांच्याकडे थरारासाठी पाहत नाही. चार दिवसांनी हे काही उरणार नाही, या जाणिवेने तो एकेक चेहरा न्याहाळतो. अग्रदर्शनाकडे सावकाश, तपशिलासाठी पाहण्याची दृष्टी अशी एका आपत्तीने दिली. ती दृष्टी कार्यक्रमरूपाने येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

मधल्या काळाविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल. ब्रिटिश दूरचित्रवाणीचे आरंभीचे बहुतेक कार्यक्रम प्रत्यक्ष प्रक्षेपित होत. दोहोंच्या मध्ये खंड पडे. तो भरण्यासाठी कुंभाराचे चाक, मांजराचे पिलू, पवनचक्की अशी लहान चित्रणे बीबीसीने तयार ठेविली होती. त्यांतच १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत एक अग्रदर्शनही आले. लंडन ते ब्रायटन हा सुमारे ८० किलोमीटरांचा प्रवास चित्रगती वाढवून चार मिनिटांत उरकण्यात आला होता. रिकामा वेळ भरण्यासाठी आगगाडीची वाट वापरावी ही कल्पना येथे आली. परंतु वाट आहे तशी दाखविली तर प्रेक्षक कंटाळेल, ही धास्ती कायम होती. थरार सुटला नव्हता. (आपल्याकडे मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आपल्या दूरदर्शनने खंडाचा प्रश्न अधिक काटकसरीने सोडविला. ‘रुकावट के लिए खेद है’ एवढी पाटी लावली की काम भागे. खंडास आम्ही दिलगिरी समजलो, इंग्रजांनी मध्यंतर समजले.)

आता जर्मनीकडे वळू. या इतिहासातील निर्णायक पालट तेथे झाला, आणि तो कोणत्याही कलाविषयक भूमिकेतून झालेला नाही. जर्मनीतील सार्वजनिक वाहिन्यांचे प्रसारण पूर्वी मध्यरात्रीच्या आगेमागे संपे. मग परीक्षणचित्र वा नुसती खरखर उरे. १९८४ मध्ये खासगी वाहिन्यांस वाट मोकळी झाली, स्पर्धा वाढली, आणि पुढील दशकात प्रसारण थांबविणे हे दुबळेपणाचे लक्षण ठरू लागले. चोवीस तास काहीतरी दाखविले पाहिजे. परंतु पहाटे तीन वाजता पाहणार किती, आणि त्यांच्यासाठी पैसा खर्च करावयाचा किती? या पेचातून स्वस्त, दीर्घ आणि निवेदकावाचून चालणारे कार्यक्रम निघाले. बव्हेरियाच्या प्रसारण संस्थेने १९९४ पासून अंतराळातून टिपलेली पृथ्वीची दृश्ये संगीतासह रात्री दाखविली. सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या ‘एआरडी’ या संघाच्या वाहिनीने १९९५ पासून रात्रीच्या उरलेल्या वेळात ‘जर्मनीतील सर्वांत सुंदर लोहमार्ग’ ही मालिका सुरू केली. चित्रण चालककक्षातून, निवेदन नाही. रात्रीच्या शेवटच्या कार्यक्रमापासून पहाटेच्या पहिल्या कार्यक्रमापर्यंत जेवढी जागा उरे, तेवढी वाट दिसे.

प्रस्तुत लेखकास हा कार्यक्रम प्रथम पाहावयास मिळाला तो २००८ च्या हिवाळ्यात, संशोधनवृत्तीवर जर्मनीत असताना. प्रबंधाच्या एका प्रकरणाने झोप उडविली होती. वसतिगृहाच्या सामाईक खोलीतील संच सुरू केला तो पडद्यावर एकेरी लोहमार्ग, दुतर्फा ओली झाडी, आणि एक लहानसे स्थानक हळूहळू मोठे होत येत होते. खोलीत आणखी एक माणूस होता, रात्रपाळीचा पहारेकरी. तो म्हणाला, “थांबा, पुढे पूल आहे.” त्याने तो भाग पूर्वी पाहिला असावा. पूल आला, त्याने समाधानाने मान डोलाविली आणि तो फेरीस निघून गेला. या कार्यक्रमाचा प्रेक्षक कोण, याचा काही अंदाज त्या क्षणी आला. निद्रानाशाचे रोगी, तान्ह्या मुलांच्या माता, पाळीचे कामगार, अशा विखुरलेल्या जागत्या माणसांचा तो समुदाय होता. त्यांस कथा नको होती. कारण कथा मध्येच सोडता येत नाही. वाट मध्येच सोडता येते व मध्येच धरता येते.

येथे आपल्या भाषेतील एक प्रयोग आठवतो. मराठी प्रवासी ‘आपण ठाण्यास पोहोचलो’ असे गाडीत क्वचितच म्हणतो. तो विचारतो, ‘ठाणे आले का?’ आणि शेजारी सांगतो, ‘ठाणे केव्हाच गेले.’ प्रवासी स्थिर आहे. गावे येतात आणि जातात. व्याकरणाच्या दृष्टीने हा केवळ कर्त्याचा पालट. परंतु अनुभवाच्या दृष्टीने तो अचूक आहे, आणि अग्रदर्शन पाहणाऱ्याची स्थिती याच वाक्यात बसते. भुताच्या सफरीतील प्रेक्षकास ‘मी फेकला जात आहे’ असे वाटे. रात्रीच्या दूरचित्रवाणीपुढील प्रेक्षकाच्या बाबतीत स्थानक येते आणि जाते. तो आपल्या घोंगडीत असतो. पडद्याचा आकार, खोलीतील अंधार, आवाजाची पातळी आणि मुख्य म्हणजे घरी असणे, या सर्वांमुळे कर्ता बदलला. थरार ओसरण्याचे कारण वेगात शोधण्यापेक्षा येथे शोधणे अधिक योग्य वाटते.

पण ज्याच्या आसनावरून ही वाट दिसते, त्याचे काय? जर्मन चालकाच्या पायाशी एक पायटा असतो. ‘झिफा’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुरक्षायंत्रणेचा तो भाग होय. चालकाने तो दाबून धरावयाचा आणि फार तर तीस सेकंदांनी एकदा क्षणभर सोडून पुन्हा दाबावयाचा. तसे न केल्यास प्रथम दिवा लागतो, मग आवाज होतो, आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास गाडीस आपोआप ब्रेक लागतात. म्हणजे, जे दृश्य पाहून घरोघरी माणसे झोपी जात होती, त्याच दृश्यापुढे बसलेल्या एका मनुष्यास झोपू न देण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाने यंत्र विचारणा करीत होते. जपानी चालक प्रत्येक सिग्नलाकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतो. आपल्या रेल्वेतही चालक व सहायक सिग्नलाची स्थिती एकमेकांस सांगतात. प्रेक्षकाच्या लेखी जे मौन दृश्य, ते चालकाच्या लेखी सतत वाचावयाचे लिखाण आहे. खूण, वेगमर्यादेची पाटी, फाटक, वळण. अग्रदर्शनाची शांतता ही दुसऱ्याच्या जागरणावर उभी आहे. हे ध्यानात न घेता या कार्यक्रमांवर जे काव्यमय लिखाण होते, ते प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

प्रवाशांसही चालकाची ही नजर हवी होती, याचे पुरावे दूरचित्रवाणीबाहेर सापडतात. इटलीच्या ‘सेत्तेबेल्लो’ या १९५३ मध्ये धावू लागलेल्या गाडीत, आणि जपानमध्ये ओदाक्यू कंपनीच्या १९६३ च्या गाडीत, चालकाचा कक्ष वर उचलून अगदी पुढील जागा प्रवाशांस देण्यात आली. जर्मनीच्या २००० मध्ये सेवेत आलेल्या तिसऱ्या पिढीच्या ‘आयसीई’ गाडीत चालकाच्या पाठीमागे काचेची भिंत ठेविली गेली. हवे तेव्हा ती काच चालकास अपारदर्शक करता येते. नजर वाटून घेण्याची मर्यादा चालकाच्याच हाती राहिली, ही तरतूद अर्थपूर्ण आहे.

या पार्श्वभूमीवर नॉर्वेच्या २००९ च्या प्रयोगाकडे पाहिले म्हणजे त्याचे नवेपण नेमके कोठे आहे ते कळते. बर्गन मार्गास १९०९ पासून शंभर वर्षे पूर्ण झाली, या निमित्ताने हा प्रवास चित्रित झाला. कॅमेरे अनेक होते. एक पुढे, काही बाजूंस व डब्यांत. तेव्हा हे शुद्ध अग्रदर्शन नव्हे. शिवाय प्रसारण शुक्रवारच्या सायंकाळी होते, मध्यरात्रीनंतर नव्हे. ज्या देशाची लोकसंख्या पन्नास लाखांच्याही आत होती, तेथे सुमारे बारा लाख लोकांनी त्याचा काही ना काही भाग पाहिला. जर्मनीत जे उरलेल्या वेळात टाकले जात होते, त्यास नॉर्वेने समारंभाची वेळ दिली. नवेपण हे, आणि ते लहान नाही. जर्मन प्रेक्षक एकटा पाहत होता; नॉर्वेतील प्रेक्षकास, आपला शेजारीही हेच पाहत आहे, हे ठाऊक होते.

या मार्गावर १८२ बोगदे आहेत. पठारावरील फिन्से येथील एकच दहा किलोमीटरांहून लांब आहे. तेथे पडदा काळा पडणार, हे उघड होते. निर्मात्यांनी त्या अंधारात मार्गाच्या इतिहासाची जुनी चित्रणे घातली. स्मिथने १८९९ मध्ये जेथे चुंबन घातले होते, तेथे एकशे दहा वर्षांनी इतिहास आला. निर्मात्यांच्या मनात स्मिथ होता, असे सुचविण्याचा हेतू नाही. अडचण तीच होती, म्हणून उत्तरही त्याच जागी सापडले. पुढे २०११ मध्ये किनाऱ्यावरील आगबोटीचा १३४ तासांचा प्रवास प्रत्यक्ष दाखविला गेला, आणि २०१२ मध्ये ट्रॉनहाइम ते बूडे हा सुमारे ७२९ किलोमीटरांचा लोहमार्ग चारही ऋतूंत चित्रित करून सादर झाला. एकाच वाटेवरील ऋतू एकमेकांत मिसळण्याची ही कल्पना प्रस्तुत लेखकास त्या साऱ्या मालिकेतील सर्वांत सरस वाटते.

अखेरीस नावांकडे परत येऊ. नॉर्वेच्या भाषामंडळाने २०१३ मध्ये ‘साक्ते-तेवे’, म्हणजे संथ दूरचित्रवाणी, हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. आता जगभर त्याचीच भाषांतरे चालतात, आणि आगगाडी, आगबोट, लोकर विणणे, शेकोटी हे सारे त्या एका शब्दात मावते. जपानीत अशा चित्रणांस ‘झेनमेन तेंबो’, म्हणजे समोरचा देखावा, म्हणतात. जर्मन शब्द लांबलचक आहे, ‘फ्यूररश्टांड्समिटफार्ट’. त्याची फोड केली असता चालकाचे स्थान, सह आणि प्रवास असे तीन घटक हाती लागतात. इंग्रजीने भूत पाहिले, जपानीने देखावा, नॉर्वेजियनने गती. ज्याच्या शेजारी बसून ही वाट पाहावयाची, त्या मनुष्याची जागा या चार नावांपैकी जर्मन नावातच काय ती शिल्लक आहे. आणि तो कार्यक्रम २०१० नंतरच्या दशकात बंद झाला असला, तरी जर्मनीतील रेल्वेप्रेमी अशा चित्रणांस आजही त्याच नावाने ओळखतात.